तीन नंबरचं पत्र

क्र. १
सेम्बावांग, सिंगापूर
१८ नोव्हेंबर १९९६

प्रिय आशा,

तू विमानात बसलीस त्याला दोन दिवस झाले. वर कोपऱ्यात आकडा घातला आहे, बघ. सव्वीस वर्षांच्या संसारात मी बोटीवरून आणि तू घरून किती पत्रं लिहिली असतील, पण घरात बसून ‘क्र. १’ लिहायची माझी ही पहिलीच वेळ. हात जरा अडखळला.

आता बोटीवर तू आहेस, म्हणून अप्पांचे नियम तुला मी सांगणार. पत्राला नंबर घालायचा. मधला नंबर गळला तर लगेच विचारायचं. आणि पत्र हरवलंच, तर त्यातला मजकूर पुढच्या पत्रात थोडक्यात पुन्हा लिहायचा. माझ्या वडिलांनी टपाल खात्यात पस्तीस वर्षं काढली, पण टपालावर त्यांच्याइतका अविश्वास दुसऱ्या कोणाचा मी पाहिला नाही.

यार्डात सगळे हसतात. “चीफ इंजिनियर घरी आणि मिसेस अंटार्क्टिकाला?” मी सांगतो, बोट मी दुरुस्त केली आणि बायको त्यांनी पळवली. खोटं काय आहे? सहा महिने मी त्या ‘ग्रे टर्न’च्या इंजिनावर राबलो. त्यांच्या सफरीचा तो न्यूझीलंडचा लीडर एकदा आपल्याकडे जेवायला आला, सुंगेई बुलोहच्या पाणथळीत तू दहा वर्षं मोजलेल्या पक्ष्यांच्या वह्या त्याने पाहिल्या, आणि भात तसाच ठेवून म्हणाला, “नोंदी ठेवायला मला याच बाई हव्यात.” तू काय म्हणालीस? “यांच्या जेवणाचं काय?” पंचावन्न वर्षांच्या घोड्याच्या जेवणाची काळजी!

१९७१ साली आफ्रिकेच्या केपच्या खाली एक अल्बाट्रॉस पक्षी नऊ दिवस आमच्या बोटीमागून येत होता. तुला तेव्हा लिहिलं होतं. तू उत्तरात एकच ओळ लिहिलीस, ‘मला तो बघायचा आहे.’ मग मी तुला काय दाखवलं? बंदरं, जेट्या, एजंटांची ऑफिसं. जानेवारीत तुमची लांबची फेरी साउथ जॉर्जिया बेटाला जाईल, तिथे त्यांची घरटी आहेत म्हणे. ती बघितल्याशिवाय परत यायचं नाही.

आपल्या कंपनीचं पाऊच दर आठवड्याला सुटे भाग घेऊन अर्जेंटिनाच्या टोकाला उश्वायाच्या एजंटकडे जातं, पाच-सहा दिवसांत पोचतं. बोट बंदराला लागली की तुमच्या इंजिनरूममधला प्रताप तुला पत्र आणून देईल. “वहिनींकडे मी बघतो चीफ,” म्हणाला. तुझ्याकडे कमी आणि लोणच्याच्या बरणीकडे जास्त बघेल. सेकंड इंजिनियर झाला तरी रत्नागिरीचा तो रत्नागिरीचाच.

माझी काळजी नको. किमया शनिवारी होस्टेलवरून येते आणि मला नावं ठेवून जाते.

तुझा,
शाम

---

क्र. १
उश्वाया बंदर
६ डिसेंबर १९९६

अहो,

पहिली फेरी करून काल बंदराला लागलो. प्रतापने पत्र आणून दिलं आणि बरणी घेऊन गेला. तुमचं म्हणणं खरं निघालं.

सव्वीस वर्षांत तुम्ही मला एकदाही लिहिलं नाहीत की बोट लागते म्हणजे काय होतं! ‘समुद्र जरा खवळला होता’ एवढंच तुमचं असायचं. दक्षिणेकडे जाताना दोन दिवस मी केबिनच्या जमिनीवर पडून होते. तुमच्या त्या ‘जरा’चा अर्थ मला एकावन्नाव्या वर्षी कळला.

तिसऱ्या दिवशी उठले, डेकवर गेले आणि समोर पहिला हिमनग. मला वाटलं होतं पांढरा असेल. आतून निळा होता. निळीचं पाणी किती दाट करायचं यावर सासूबाई आणि मी भांडायचो ना, त्यांच्या पसंतीचा निळा.

बोटीवर सेहेचाळीस पाहुणे आहेत. काही जण बर्फाचे डोंगर चढायला आलेत, काही कायाक वल्हवायला, आणि उरलेले आमच्यासारखे गळ्यात दुर्बीण घालून उभे. सकाळी तिन्ही टोळ्या रबरी होड्यांतून उतरतात, संध्याकाळी परत येतात आणि प्रत्येकाला वाटतं खरी मजा आपणच केली. मी सगळ्यांना विचारून नोंद करते. कुठे, किती वाजता, कोणता पक्षी, किती. डोंगरवाले पक्षी सांगतच नाहीत, पायाखालच्या बर्फाचं सांगतात. मग मी तेही लिहिते.

पेंग्विनांबद्दल किमयाला सांगा. त्यांची घरटी खड्यांची असतात आणि खडे शेजाऱ्याचे चोरायचे असतात. एका नराने तासाभरात बायकोला चौदा खडे आणून दिले, त्यांतले तेरा चोरीचे. ती प्रत्येक वेळी मान वाकवून स्वागत करत होती. वहीत संख्या लिहिली, स्वागताला मात्र रकाना नव्हता.

एकदा डोंगरवाल्यांबरोबर दोर बांधून थोडं वर गेले. कमरेला गाठ मारायची वेळ आली तेव्हा मी बोलाइन मारली, तुम्ही कपडे वाळत घालायच्या दोरीवर शिकवलेली. गाइड म्हणाला, सुंदर आहे, आता सोडा आणि माझी मारा. इथे आठच्या आकड्यासारखी गाठ चालते. मारली. पण तुमची दिसायला चांगली आहे.

एक गंमत सांगते. इतकी वर्षं मी जेट्टीवर उभी राहून बोट लहान होताना बघितली. या वेळी बोटीवरून जेट्टी लहान होताना बघितली. दोन्हीकडून सारखंच वाटतं हो. हे तुम्ही मला सांगायला हवं होतं.

काय जेवता ते सविस्तर लिहा. ‘ठीक’ लिहू नका.

तुमची,
आशा

---

क्र. २
सेम्बावांग
१५ डिसेंबर १९९६

प्रिय आशा,

पत्र काल मिळालं. दोनदा वाचलं, मग किमयाने मोठ्याने वाचलं. चौदा खड्यांपाशी ती थांबली आणि म्हणाली, “बाबा, तुम्ही आईला किती दिले?” मी म्हटलं, एक वॉशिंग मशीन.

जेवणाचं सविस्तर. सकाळी पोहे किंवा ओट्स. दुपारी यार्डाजवळच्या हॉकर सेंटरमध्ये माशाचं सूप आणि भात. संध्याकाळी खिचडी. चहा कमी केला आहे. कॉफीवाल्या अंकलकडे आता कोपी-ओ कोसोंग घेतो. तो पहिल्या दिवशी दोनदा विचारत होता, “कोसोंग? शुअर?” रविवारी सेरंगून रोडला जाऊन कढीपत्ता, भाजणी आणि तुझ्या त्या दुकानातलं मेतकूट आणलं. खरं म्हणजे किमयाने आणलं, मी बसस्टॉपवर बसून होतो. गर्दी फार होती.

किमया होस्टेल सोडून घरी राहायला आली आहे. म्हणते, घरचं खाणं बरं. माझ्या हातचं!

संध्याकाळी सेम्बावांग पार्कला जातो. जेट्टीवर मासे धरणाऱ्यांच्या शेजारी बसतो. समोर पाण्यापलीकडे मलेशियाच्या जोहोरचे दिवे लागतात. परवा तीन टर्न पक्षी दिसले, कोणत्या जातीचे ते मला कसं कळणार? तीन होते. नोंद कर.

खाली किमयासाठी जागा सोडतो आहे.

तुझा,
शाम

आई, डोन्ट वरी लाह. बाबांची खिचडी कॅन ईट, बट ओन्ली जस्ट. तू मजा कर. आय मिस यू. पेंग्विनचा फोटो मस्ट हॅव. किमया.

---

क्र. २
उश्वाया बंदर
२९ डिसेंबर १९९६

अहो,

तुमचं दोन नंबरचं आज एकदाचं हातात आलं. मधल्या फेरीला काही नव्हतं, तेव्हा प्रतापच जास्त हिरमुसला. ‘चीफ लिहितात मोजकं, पण लिहितात,’ म्हणाला.

कोसोंग म्हणजे बिनसाखरेची ना? तुम्ही आणि बिनसाखरेची कॉफी! कंडेन्स्ड मिल्कचा डबा चमच्याने खाणारा माणूस! मी समजले. साखर संपली, नवी पिशवी कुठे ठेवली ते सापडलं नाही, आणि विचारायला मी नाही. वरच्या फळीवर, रव्याच्या मागे आहे. आणि लेक बापाजवळ राहायला आली हे वाचून बरं वाटलं. मी घरात असताना कशी आली नाही ते तिला विचारा.

मी कायाक वल्हवलं! दोघांचं कायाक असतं, पुढे मी, मागे एक स्विस दंतवैद्य बाई. पाण्यावर बर्फाचा चुरा पसरलेला असतो आणि त्यातून सतत चरचर आवाज येतो, अडकलेली जुनी हवा सुटत असते म्हणे. आम्ही वल्ही वर धरून नुसत्या ऐकत होतो. तेवढ्यात पंधरा हातांवर देवमाशाने श्वास सोडला. वास कसा? मासळी बाजार बंद झाल्यावर येतो तसा. दंतवैद्य बाईंनी नाक धरलं. मला मात्र इतकं जवळचं वाटलं की डोळ्यांत पाणी आलं. परतताना थोडी भिजले, विशेष काही नाही.

तुमच्या त्या तीन टर्नची नोंद वहीच्या शेवटच्या पानावर केली आहे. ‘सेम्बावांग जेट्टी, संख्या ३, जात अनिश्चित, निरीक्षक नवशिका.’

आता एक फेरी, मग १३ जानेवारीला साउथ जॉर्जिया, एकवीस दिवस. लीडर म्हणतो, अल्बाट्रॉसच्या घरट्यापाशी बसायला मिळेल, हात लांब केला तर लागेल इतक्या अंतरावर. लांब करायचा नाही, एवढाच नियम. मला झोप येत नाही. एकावन्न वर्षांची बाई, काय हे.

तुमची,
आशा

---

क्र. ४
सेम्बावांग
५ जानेवारी १९९७

प्रिय आशा,

नवीन वर्षाच्या शुभेच्छा. इथे रोज दुपारी पाऊस पडतो. तापमान तीस. आर्द्रता भरपूर. वारा ईशान्येचा. परवा यार्डात गाळ उपसणारा एक ड्रेजर आला, त्याच्या गिअरबॉक्सचं काम दुसऱ्यांवर सोपवलं आहे, तरुणांना शिकू दे. साखर सापडली, तू म्हणालीस तिथेच होती.

‘थोडी भिजले’ म्हणजे किती? कोपरापर्यंत की मानेपर्यंत? समुद्रावरचं ‘थोडं’ मी सव्वीस वर्षं लिहीत आलो आहे, म्हणून विचारतो.

हे पाऊच तुला लांबच्या फेरीआधी मिळेल. सगळं ठीक आहे. निश्चिंत मनाने जा. घरटी मोज. त्या पक्ष्याला माझा नमस्कार सांग, पंचवीस वर्षांपूर्वीचा असेल तर ओळखेलही. फार जगतात म्हणे.

किमया बरी आहे. मी बरा आहे.

तुझा,
शाम

---

फॅक्स, क्र. ३
उश्वाया, एजंटचं ऑफिस
११ जानेवारी १९९७

अहो,

आजच बंदराला लागलो. तुमचं चार नंबरचं मिळालं. तीन नंबरचं कुठे आहे? प्रताप म्हणतो, “पाऊच मीच उघडतो वहिनी, यादीशी ताडून बघतो. चीफचं एकच पाकीट होतं.” मागच्या वेळचीही यादी त्याने काढून दाखवली.

मगाशी फोन केला होता. किमया म्हणाली, बाबा बाजारात गेलेत. मागे तुमचा खोकला ऐकू आला.

तीनमध्ये काय होतं?

आशा

---

फॅक्स, क्र. ५
सेम्बावांग
१२ जानेवारी १९९७

प्रिय आशा,

तीन नंबरचं टपालात हरवलं असेल. पाऊच तीन विमानतळांवर बदलतं, होतं असं. काळजीचं कारण नाही. बोट वेळेवर पकड.

शाम

---

फॅक्स, क्र. ४
उश्वाया
१२ जानेवारी १९९७

अहो,

एजंटच्या ऑफिसात बसून लिहिते आहे. रविवार असून तो बिचारा माझ्यासाठी थांबला आहे आणि माझ्याकडे न बघता चहासारखं काहीतरी नळीने पितो आहे.

पत्र हरवलं तर मजकूर पुन्हा लिहायचा. अठरा नोव्हेंबरला हा नियम तुम्हीच मला पुन्हा सांगितलात. तुम्ही गिअरबॉक्सचं लिहिलंत, आर्द्रता लिहिलीत, आणि तीनमधली एक ओळ लिहिली नाहीत. विचारल्यावरही नाही. म्हणजे ते पत्र हरवलेलं नाही. तुमच्याकडेच आहे.

मला हे इतक्या लवकर कसं कळलं ते सांगते. कारण हे मी केलेलं आहे.

१९७५ च्या जूनमध्ये तुम्हाला माझं अकरा नंबरचं मिळालं आणि मग तेरा. तुम्ही जपानहून विचारलंत, बारा कुठे? मी लिहिलं, हरवलं असेल. तुम्ही पुन्हा विचारलंत. मी पुन्हा तेच लिहिलं. तेरामध्ये मी लिहिलं होतं, ‘अप्पांना आता दम लागत नाही.’ त्यांना जाऊन तेव्हा अकरा दिवस झाले होते.

दर्यावरच्या माणसाला वाईट बातमी कळवायची नाही, हे आपल्या सगळ्या घरांतून चालतं. मीही तेच केलं. ऑक्टोबरात तुम्ही चिपळूणला दारात उभे राहिलात, हातात कोबेहून आणलेलं ते मुठीचं भिंग, अप्पांना वर्तमानपत्र वाचायला. तुम्ही दोनदा हाक मारलीत, “अप्पा!” मला ती हाक अजून ऐकू येते. तुम्ही मला एक शब्द बोलला नाहीत. त्या दिवशी नाही, त्यानंतर नाही. भिंग डब्यात गेलं, डबा कपाटात. तो आपल्याबरोबर सिंगापूरला आला आणि कधी उघडला गेला नाही.

बारा नंबरचं पत्र मी लिहिलं होतं. ते फाडलं नाही. माझ्या शिवणयंत्राच्या डाव्या खणात, बॉबिनच्या डब्याखाली आहे. दर दसऱ्याला तुम्ही त्या यंत्राला तेल घालता, पण खण उघडत नाही, म्हणून तिथे ठेवलं. काढा आणि वाचा.

आणि माझं ‘थोडी भिजले’. आम्ही उलटलो होतो. दीड मिनिट पाण्यात होते, मानेपर्यंत नव्हे, डोक्यासकट. रबरी पोशाख होता म्हणून निभावलं. होडीत ओढून घेतल्यावर मी मराठीत ओरडत होते म्हणे. तुमचं नाव घेत होते असं प्रताप म्हणतो. कायाकवाल्यांनी त्याला बोलावलं, कारण बाकी कोणाला कळत नव्हतं मी काय मागते आहे.

झालं, माझं सगळं सांगून झालं.

आता तुमचं. बोट उद्या, सोमवारी संध्याकाळी सहाला सुटते. त्याआधी तीन नंबरचं पत्र या मशीनवर आलं तर मी ते वाचून काय करायचं ते ठरवेन. आलं नाही, तर सगळं ठीक आहे हा तुमचा शब्द खरा मानून मी बोटीवर चढेन. मग एकवीस दिवस मी कुठेही उतरू शकणार नाही. मला चढवायचं का, ते तुम्ही ठरवा. फोन करणार नाही. फोनवर तुम्हाला खोटं बोलता येतं, कागदावर जमत नाही.

तुमची,
आशा

---

फॅक्स, क्र. ६
सेम्बावांग
१३ जानेवारी १९९७

प्रिय आशा,

सकाळी उठलो तर मशीनच्या तोंडातून तुझे कागद लोंबत होते. किमयाने आधी वाचले होते. ती स्वयंपाकघरात पाठ करून उभी होती. म्हणाली, “बाबा, आय कॅनॉट लाय टु हर एनी मोर. कॅनॉट.” पोरीला महिनाभर मी हे करायला लावलं.

खण उघडला. बारा नंबर सापडलं. शाई फिकी झाली आहे, घडीवरच्या ओळी तर गेल्यातच जमा. चष्म्याने अक्षर लागेना. मग कपाटातून तो डबा काढला आणि भिंग काढलं. एकवीस वर्षांनी. अप्पांसाठी आणलेल्या भिंगाने मी अप्पांचं वाचलं.

तू लिहिलं आहेस, ‘अप्पा आज पहाटे पाचला गेले. काल संध्याकाळी मला म्हणाले, शामला कळवू नकोस. तो मशीनवर असतो, बातमी डोक्यात ठेवून हात कुठे घालेल सांगता येत नाही. उतरला की सांग. मी हो म्हटलं. हे लिहिते आहे आणि पाठवू की नको ते कळत नाही. तुम्ही इथे असतात तर तुम्हालाच विचारलं असतं.’

आशा, हे त्यांनी सांगितलं होतं? मग तू मला का सांगितलं नाहीस? एकवीस वर्षं मी मनातून तुला दोष देत आलो आणि तू तो घेत राहिलीस.

तीन नंबर खाली जोडतो आहे. पाकीट पाऊचमध्ये टाकलं होतं, दुसऱ्या दिवशी ऑफिसात जाऊन परत काढून घेतलं. पुढच्या पत्रावर मी पुन्हा तीन घालू शकलो असतो, तुला कळलंही नसतं. घातला नाही. लॉगबुकात एकदा आकडा पडला की तो खोडायचा नाही, ही सवय. किंवा तुला कळावं असंच मला वाटत असेल. मला माहीत नाही.

शाम

---

क्र. ३
सेम्बावांग
२८ डिसेंबर १९९६

प्रिय आशा,

तू गेल्यावर दोन आठवड्यांनी छातीत दुखायला लागलं. आधी पोटातला वायू समजलो. डॉक्टरांनी साखर, मीठ बंद केलं. परवा एमआरटी स्टेशनचा जिना चढताना मधेच बसावं लागलं. एका चिनी आजीने तिची छत्री माझ्या डोक्यावर धरली आणि किमया येईपर्यंत ती हलली नाही. काल नळी घालून तपासलं. हृदयाच्या तीन वाहिन्या तुंबल्या आहेत. बायपास करायचं, २२ जानेवारीला. डॉक्टर म्हणाले, आमचं रोजचं काम आहे. मी म्हटलं, तुमचं रोजचं आहे, माझं पहिलंच आहे.

१९८२ साली इंजिनरूममध्ये आग लागली होती, तेव्हा मी घाबरलो नव्हतो. खाली प्रत्येक झडप कुठे आहे ते मला डोळे मिटून ठाऊक होतं. या वेळी मशीन माझंच आहे आणि मला त्यातलं काही ठाऊक नाही. मला भीती वाटते आहे. हे मी किमयाला सांगू शकत नाही.

तू इथे असावीस असं मला वाटतं. आणि तू त्या घरट्यापाशी बसावंस असंही मला वाटतं. दोन्ही एकाच बाईकडे कसं मागू?

तुझा,
शाम

---

क्र. ५
पलंग नंबर आठ, सिंगापूर
२३ जानेवारी १९९७

अहो,

हे पत्र टपालाने येणार नाही. तुमच्या उशाशी, पाण्याच्या पेल्याखाली ठेवणार आहे. ऑपरेशन काल झालं. डॉक्टर म्हणाले, इंजिन चालू आहे. हे त्यांना तुम्हीच शिकवलं असणार. तुम्ही मधेमधे डोळे उघडता आणि पुन्हा मिटता. बोलू नका असं नर्सने बजावलं आहे, म्हणून लिहिते.

मी आले त्या दिवसापासून तपासण्या, रक्त, सह्या. एकदाही धड बसून बोलता आलं नाही. म्हणून तुमच्या प्रश्नाचं उत्तर आता.

तुम्ही चिपळूणच्या दारात उभे होतात तेव्हा मी सांगणारच होते. पण तुमचा चेहरा बघितला आणि वाटलं, यांना आता कोणावर तरी रागावायला हवं आहे. अप्पांवर रागावलात तर ते समजूत घालायला येणार नव्हते. मी तर समोर होते. म्हटलं, दोन दिवस भांडतील आणि मोकळे होतील. तुम्ही भांडलातच नाही. मग सांगायची वेळ निघून गेली, आणि निघून गेलेली वेळ दर वर्षी जास्तच लांब जाते. चूक माझीही आहे. खण मला उघडता आला असता.

साउथ जॉर्जियाला बोट गेली. वही प्रतापकडे दिली आहे. म्हणाला, “वहिनी, मला पांढरा पक्षी दिसला की तो बगळाच वाटतो.” म्हटलं, बगळा लिही, पण संख्या बरोबर लिही. लीडर जेट्टीवर उभा राहून हात हलवायला लागला तेव्हा मला हसू आलं. बोट थांबलेली आणि निघालेली मी.

एक गोष्ट मात्र तुमच्यापासून लपवली होती. वाईट नाही, पण लपवलीच. ९ जानेवारीला परतीच्या वाटेवर, सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी, बोटीच्या मागे तो आला. भटका अल्बाट्रॉस. इतके मोठे पंख आणि एकदाही हलवले नाहीत. अकरा मिनिटं होता. घरट्यांच्या हकिकतीबरोबर एकदमच लिहीन म्हणून फॅक्समध्ये लिहिलं नाही. तुमचा नमस्कार सांगायचा राहिला, कारण तोवर तुमचं पत्र हातात पडलं नव्हतं. पण मी वहीत जात लिहिली, वेळ लिहिली, आणि निरीक्षकाच्या रकान्यात दोन नावं लिहिली.

किमया खाली कॉफी घ्यायला गेली आहे. मी जरा या खुर्चीत डोळे मिटते.

तुमची,
आशा

---

क्र. ७
(त्याच कागदाच्या पाठीवर, पेन्सिलीने)
२४ जानेवारी

प्रिय आशा,

तू खुर्चीत झोपली आहेस. मान वाकडी झाली आहे, पण उठवत नाही. पेन्सिल नर्सकडून घेतली. ती रागावली आणि मग दिली.

अकरा मिनिटं पुरेशी आहेत. माझे नऊ दिवस होते, पण मी बहुतेक वेळ खाली इंजिनापाशी होतो. हिशेब केला तर माझीही अकरा मिनिटंच भरतील.

आता नियमाप्रमाणे कळवतो. दुखतं आहे. खोकलं की फार दुखतं. डाव्या पायातून शीर काढली तिथे आग होते. रात्री घाबरलो होतो, तेव्हा तुझा हात सापडला आणि पुन्हा झोपलो. पाण्याला औषधाची चव आहे. भूक नाही.

‘थोडं’ असं कुठेही लिहिलेलं नाही, बघून घे.

शाम